घर्षणाचा आकडा

सुचिताचं डोकं बुलढाण्याहून एसटीत बसतानाच तापलं होतं, ते खामगाव आलं तरी निवलं नाही. निवेल कसं? सकाळीच चिंतामण सरांनी, म्हणजे तिच्या पीएचडीच्या गाइडनी, केबिनमध्ये बोलावून गोड हसत सांगितलं होतं, "घर्षणाचा आकडा वाढव. आलेख जुळेपर्यंत वाढवत जा. सगळे तेच करतात."

सगळे म्हणे! चोरालाही सोबत लागते वाटतं.

काम तसं समजायला सोपं. ॲल्युमिनियमच्या दोन पट्ट्या शेजारी शेजारी आवळायच्या आणि सांध्यात पोलादी दांडा गरागरा फिरवत पुढं न्यायचा. घासून घासून धातू कणकेसारखा मऊ होतो आणि न वितळता एकजीव होतो. यात धातू किती तापेल, ते सुचिता कॉम्प्युटरवर मांडायची. तीन वर्षं घातली होती त्यात. कॉम्प्युटर सांगे चारशे चाळीस अंश, आणि वर्कशॉपचं मोजमाप सांगे पाचशे वीस. उद्या समितीपुढं सादरीकरण होतं. घर्षण फुगवलं की कॉम्प्युटरही पाचशे वीस दाखवणार. तो खोटा आकडा दाखवला तर पदवी हातात, नाही तर तीन वर्षांवर पाणी.

खामगावच्या त्या वर्कशॉपात शिरताच मालक भागवत मिस्त्रींनी तिच्यासाठी खुर्ची पुसली. "या मॅडम, बसा. चहा सांगतो."

दर खेपेला हेच व्हायचं. हात काळे होतील म्हणून मिस्त्री तिला मशीनजवळ फिरकू द्यायचे नाहीत. ती ऑफिसात पंख्याखाली बसायची आणि मोजमापाचा कागद आतून यायचा. पाहुणचार कसला, तिला काचेच्या बाहुलीसारखं ठेवलं होतं, आणि ही बयाही मुकाट्यानं बसायची!

"चहा गेला चुलीत," ती म्हणाली. "मले मशीन पाह्यचं आहे."

मिस्त्री चपापले, पण बाजूला झाले. सुचितानं वाकून पाहिलं. पट्ट्यांखाली पातळ पत्रा होता आणि पत्र्याखाली प्लायवूडची फळी, मधोमध जळून कोळसा झालेली.

"हे काय आहे?"

"फळी हो. मशीनच्या पोलादी बेडवर चरा पडू नये म्हणून टाकतो. बापाच्या हातची मशीन आहे, मॅडम. दसऱ्याले पूजा करतो तिची."

"अहो, खालचं पोलाद उष्णता ओढून घेते, असं धरून मी हिशेब मांडला! लाकूड काय ओढणार? मले सांगतलं काऊन नाही?"

"तुम्ही इचारलं कुठं?"

या एका वाक्यानं तिच्या अंगाची लाहीलाही झाली. त्यांचं खरंच होतं. तीन वर्षांत तिनं एकदाही वाकून पाहिलं नव्हतं, आणि मिस्त्रींपेक्षा तिला स्वतःचाच जास्त राग आला.

"काढा ती फळी. जाड पोलादी पाटा लावा. आज मी इथून हलत नाही."

दांडा फिरला, धातू मऊ झाला. तापमापकाचा आकडा चढत चढत चारशे सेहेचाळीसवर थांबला. कॉम्प्युटरपेक्षा फक्त सहा जास्त! सुचितानं तिथूनच सरांना फोन लावला.

"सर, कॉम्प्युटरचा आकडा बरोबरच होता. इथं पट्ट्यांखाली लाकूड होतं."

"अगं, मी समितीला तुझ्या नावानं फाइल पाठवूनसुद्धा दिली. वाढवलेल्या आकड्याची. तुझंच भलं केलं."

"माझ्या नावानं? मला न विचारता?"

"आता उकरून काढू नकोस. माझं नाक कापशील."

"तुमचं नाक तुम्ही सांभाळा, सर. मी आत्ता समितीला कळवते, फळीच्या फोटोसकट."

"मग दुसरा गाइड शोध."

"शोधते," ती म्हणाली. उभ्या उभ्याच तिनं समितीला मेल लिहिला. फळीकडं लक्ष दिलं नाही ही चूक माझी, आणि पाठवलेला आकडा खोटा, दोन्ही सरळ लिहिलं आणि पाठवलं.

मिस्त्री चुळबुळत म्हणाले, "मॅडम, आता काय होईन?"

"आता दुसरी पट्टी आवळायची. एका मोजमापावर उद्या मीच इश्वास ठेवणार नाही. आणा तो पाना इकडं."