सोळा मोकळी आवर्तनं

ताबीशच्या फोनमध्ये एकूण एकेचाळीस रेकॉर्डिंगं होती. अकरा कॉलेजच्या तासांची, सात नुसत्या हसण्याबोलण्याची आणि उरलेली तेवीस गिटारची. तेविसांपैकी एकोणीस एकाच धुनेची होती. कुठे फक्त सुरुवात, कुठे मधलाच तुकडा, कुठे बोट चुकल्यावर स्वतःलाच घातलेली शिवी. त्या धुनेचं पूर्ण असं एकच रेकॉर्डिंग होतं, सगळ्यांत शेवटचं.

ताबीश माझा धाकटा भाऊ. बार्शीचा कार्यक्रम करून मोटरसायकलवरून परत येताना तो गेला. वीस वर्षांचा होता.

त्याच्या ग्रुपमध्ये गिटार वाजवणारी सृष्टी चाळिसावं झाल्यानंतर घरी आली. अम्मीजवळ बराच वेळ बसली आणि निघताना मला म्हणाली, "अर्शीताई, गॅदरिंगला आम्ही त्याची धून वाजवणारोत. पण लिहिलेली कुठंच नाही. त्याला म्हणलं की म्हणायचा, डोक्यात आहे. तू लिहून दे ना."

"मला गिटार येत नाही, सृष्टी."

"शाळेत फिजिक्स शिकवतेस की. मला टॅब लागेल, स्वरलिपी वाचता येत नाही. आणि आमच्या व्हायोलिनवाल्याला स्वरलिपीच लागते. टॅब बघितला की म्हणतो, हा काय टेलिफोन नंबर आहे का?"

टॅब म्हणजे सहा आडव्या रेघा, गिटारच्या सहा तारा. रेघेवर आकडा लिहिलेला असतो, तितक्या घरात बोट दाबायचं. स्वरलिपी कोणता सूर ते सांगते. बोट कुठे ठेवायचं ते टॅब सांगतो. एकच सूर गिटारवर तीन-चार ठिकाणी मिळतो. म्हणजे नुसत्या स्वरलिपीवरून धून कळली असती, ताबीशचा हात कळला नसता. मला दोन्ही एकाच पानावर हवं होतं.

मी तीन सॉफ्टवेअर उतरवून घेतली. पहिलं फुकट होतं, स्वरलिपी छापील पुस्तकासारखी काढायचं, पण टॅबमध्ये बोटांच्या जागा आपल्या मनाने ठरवायचं. दुसरं खास गिटारसाठीचं, तीस दिवस मोफत. तिसऱ्याला नुसतं रेकॉर्डिंग द्यायचं, ते स्वतःच ऐकून लिहून काढायचं. साहजिकच मी तिसऱ्यापासून सुरुवात केली.

पाच मिनिटांत दोन पानं तयार झाली. सृष्टीने ती वाजवून पाहिली आणि मधेच थांबली.

"मधली जागा कुठं गेली?"

"कसली जागा?"

"तो मधे थांबतो ना. मूळ लाव."

मी मूळ रेकॉर्डिंग लावलं. मध्यावर गिटार थांबत होती. पंख्याचा आवाज, गल्लीतली रिक्षा, अम्मीच्या कुकरची शिट्टी, आणि मग गिटार पुन्हा सुरू. मला वाटलं होतं, तो पाणी प्यायला उठला असेल. सॉफ्टवेअरलाही तसंच काहीसं वाटलं असावं. त्याने ती शांतता कापून दोन्ही टोकं जोडून टाकली होती.

"पाय ऐक," सृष्टी म्हणाली.

मी हेडफोन लावला. गिटार थांबली होती, पण पाय थांबला नव्हता. फरशीवर ठोके एकसारखे पडत होते. मी मोजले, चौसष्ट. चाराचं एक आवर्तन धरलं तर बरोबर सोळा आवर्तनं. तो उठला नव्हता. कुणीतरी वाजवेल म्हणून वाट बघत बसला होता.

"तुमच्यापैकी कुणासाठी?" मी विचारलं.

"आमच्यात सोलो मागायला सगळे पुढं असतात. पण ही जागा कुणाला दिली नव्हती त्याने. मागितली तर म्हणायचा, बुकिंग झालंय."

तिसरं सॉफ्टवेअर मी काढून टाकलं. दुसऱ्यात मोकळी आवर्तनं ठेवता येत होती आणि प्रत्येक आकडा आपल्याला हव्या त्या तारेवर हलवता येत होता. आठवडाभर शाळेतून आल्यावर मी तेच करत होते. धून पूर्ण लिहून झाल्यावर पडताळणी म्हणून सॉफ्टवेअरचं वादन आणि ताबीशचं रेकॉर्डिंग एकाच वेळी लावलं. आवाज थरथरायला लागला. दोन सूर जवळजवळ सारखे असले, पण अगदी सारखे नसले, की तो असा कमीजास्त होतो. त्याला स्पंद म्हणतात. दर सेकंदाला जितके स्पंद, तितका दोन सुरांच्या कंपनसंख्येत फरक.

ताबीशची गिटार उतरलेली होती. मी एकेक तार मोजली. तारा आपोआप उतरतात तेव्हा प्रत्येक वेगवेगळी उतरते. या सहाही सारख्याच खाली होत्या, बत्तीस सेंट. दोन लगतच्या सुरांमधल्या अंतराचे शंभर भाग केले तर त्यातले बत्तीस. जगभर जो सूर चारशे चाळीस हर्ट्झला लावतात, तो त्याने चारशे बत्तीसला लावला होता, आठ हर्ट्झ खाली; एक सप्तक खालच्या सुरात हाच फरक चारचा होतो. सगळ्या एकोणीस वेळा. हे चुकून होत नाही.

गॅदरिंगच्या स्टेजवर कीबोर्ड असणार होता, तो चारशे चाळीसचाच. मग हा खाली कुणासाठी उतरला होता?

आमच्या घरात दुसरं वाद्य एकच, अब्बांची पेटी. अब्बा, म्हणजे चांदसाब, नवी पेठेत एका दुकानात कपडे बेततात आणि गुरुवारी कव्वालीला पेटी धरतात. पेटी आजोबांची. ताबीशने गिटार आणली तेव्हा अब्बा तिला 'लाकडाचा डबा' म्हणायचे. गेल्या रमजान ईदला ताबीश त्यांना म्हणाला होता, "अब्बा, पेटी जराशी उतरलेली आहे. सिद्धप्पाचाचांकडून मिळवून घ्या ना, दोघं मिळून वाजवू." अब्बा शीरखुर्म्याची वाटी खाली ठेवून म्हणाले होते, "मेरे बाप की पेटी हय. ये नक्को चढती. मिलाना हय तो तू उतर." पाहुणे हसले होते. ताबीशही हसला होता.

मावसबहिणीच्या मंगनीच्या व्हिडिओत अब्बा वाजवत होते. मी त्यातला पेटीचा सूर मोजला. चारशे बत्तीस.

दुसऱ्या दिवशी शाळेतून धावतच घरी आले. अब्बांना सांगायचं, ही सोळा आवर्तनं तुमची आहेत. तो गेल्यापासून अब्बांनी पेटीला हात लावला नव्हता. छापलेलं पान माझ्या हातात होतं. मोकळ्या आवर्तनांवर मी 'पेटी' असं लिहिलं होतं.

दारात सिद्धप्पाचाचांची स्कूटर उभी होती. पेटी दुरुस्त करणारे सिद्धप्पाचाचा, आजोबांपासून आमची पेटी तेच बघतात. आत सतरंजीवर पेटी होती, वरची फळी पुसून चकचकीत केलेली.

"ये गं पोरी," चाचा म्हणाले. "तुज्या बापाला समजाव. चाळीस वर्सं म्या सांगतोय, मिळवून घ्या, मिळवून घ्या. तर म्हनायचा, हात लावलास तर हात तोडीन. आन आता सोताच घिऊन आला."

"काय केलंत?" मी विचारलं.

अब्बा माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्याला गिटार लावायच्या मशीनच्या सुराशी मिळणारी पाहिजे होती ना. आणली मिळवून. तुमच्या त्या कार्यक्रमात लागली तर घेऊन जा. मी कशाला नाही म्हणू आता?"

मी चाचांना विचारलं, "पुन्हा उतरवता येईल?"

"उतरवता येतंय की. रीडच्या पितळी पट्टीचं टोक घासलं की सूर चढतो, बुडाशी घासलं की उतरतो. पर ह्ये रीड लई जुनं, लई पातळ. आता परत कानस लावली तर तुटायचंच. आन उतरवायचं कशाला, येडे? आयुष्यात पयल्यांदा सुरात आलीया."

अब्बा माझ्या हातातल्या पानाकडे बघत होते. त्यांना स्वरलिपी वाचता येत नाही, टॅबही येत नाही. पण मराठी येतं. त्यांनी 'पेटी' या शब्दावर बोट ठेवलं.

"इथं मी?"

"हो."

"तो म्हणाला होता?"

"जागा सोडून ठेवलीय त्याने. पायाने ठोके देतोय."

"लाव."

मी काहीतरी कारण काढू शकले असते. रेकॉर्डिंग बत्तीस सेंट वर उचलायला दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एक बटण आहे. पाच सेकंदांचं काम. पण मग तो ताबीशचा सूर राहिला नसता. मी फोन पेटीजवळ ठेवला आणि लावला.

अब्बांनी डोळे मिटले. पहिला भाग संपला, गिटार थांबली, फरशीवर पाय सुरू झाला. अब्बा त्या पायाबरोबर वाजवू लागले. सोळा आवर्तनं त्यांनी एकही ठोका न चुकवता भरली. चाचांनी मान हलवली. अम्मी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. मग पांढरी सहावर, त्यांच्या षड्जावर, म्हणजे त्या चारशे चाळीसच्याच सुरावर पण एक सप्तक खाली, अब्बा येऊन थांबले आणि भाता चालूच ठेवला. त्याच षड्जावर ताबीशची पाचवी तार मोकळी वाजली.

अब्बांनी डोळे उघडले.

"कोण उतरलंय?" त्यांनी विचारलं.

"तो, अब्बा. तुमच्याशी मिळवून ठेवली होती त्याने गिटार. सगळ्या रेकॉर्डिंगांत."

चाचांनी हातातला कप खाली ठेवला. अब्बांनी पेटीवरचं बोट उचललं नाही. मी तो भाग पुन्हा लावला, मग पुन्हा. भाता चालू होता, तार वाजत होती, आणि दोन्ही मिळून खोलीतला आवाज वाढत आणि कमी होत होता.

मी घड्याळ लावून मोजलं. सेकंदाला चार स्पंद.