नाभीपाशी आलेला बद्द आवाज

प्रहार करणाऱ्याच्या मनात राग आहे की काळजी, हे ज्याच्यावर घाव पडतो त्याला त्या क्षणी कळत नाही. वेदना दोहोंची सारखीच. म्हणून मित्रांनो, हात उचलण्याचा अधिकार फार थोड्यांना असावा, आणि ज्यांना तो लाभला त्यांनी घाव घातल्यावर क्षणभर थांबून ऐकावे.

मी एक जुनी पितळी हातोडी आहे. दूर पूर्वेच्या समुद्रातल्या तराकान बेटावर, खाडीकाठच्या एका नावा बांधण्याच्या कारखान्यात माझे वास्तव्य. खडकावर आपटून एका बोटीचा पाण्याखालचा पितळी पंखा फुटला, त्याचा तुकडा भट्टीत वितळला, कानशीने खरवडला गेला, आणि मी जन्मले.

आमच्या नावा काचेच्या धाग्यांच्या कापडाच्या. एकावर एक थर, प्रत्येक थरावर रेझिन नावाचा उग्र वासाचा चिकट द्रव. सारे एकजीव सुकले की नाव दगडासारखी कठीण होते. परंतु दोन थरांत हवा अडकली, तर ती पोकळी डोळ्यांना दिसत नाही. मालकाची पत्नी बेस्से तेनरी मला हाती घेऊन नावेच्या अंगभर ठोके देई. निर्दोष जागी मी ‘टण्’ बोले, पोकळ जागी ‘बद्द’. बद्द म्हणताच तो भाग करवतीने कापून काढीत. पांढरी धूळ कातडीत रुते, डोळे रक्तासारखे होत, तरी कापीत. कारण शेजारच्या कारखान्यातली, न ठोकता उतरवलेली एक नाव खाडीच्या मुखाशी उकलली होती. समुद्राने तिचे थर कांद्याच्या पापुद्र्यांसारखे ओढून काढले, आणि तिच्यातली माणसे किनाऱ्याला आली ती मासेमारीच्या जाळ्यांतून.

मालक दाएंग मालेवा हे बुगी जमातीचे कारागीर. बुगी लोक नावेला अपत्य मानतात. पाण्यात सोडण्यापूर्वी तिच्या तळाच्या कण्यात मधोमध छिद्र पाडून तिला नाभी देतात आणि त्यात लाकडी खुंटी ठोकतात. पूर्वी नावा लाकडाच्या असत. पाणी लागताच लाकूड फुगे आणि नाभी मिटून जाई. काच फुगत नाही, हे परंपरेच्या ध्यानी आले नव्हते.

एका दुपारी अंबो तुवो नावाच्या कोळ्याच्या नावेला नाभी दिली गेली. कोंबड्याचा तुरा कापून कण्याला रक्त माखले. दाएंगांनी अंगातले सारे बळ लावून छिद्र पाडले आणि घणाने खुंटी आत घातली. मग बेस्सेने नावेखाली वाकून नाभीपाशी मला आपटले. बद्द. हातभर सरकून पुन्हा. बद्द.

“दाएंग, इकडे या. इथं थर सुटलेत.”

“सुटलेत? माझ्या हातची नाभी आहे ती!”

अंबो तुवो धावत आला. “वहिनी, नाभी दिलेल्या लेकराच्या पोटावर हातोडी मारता? उद्या भरतीला माझा ल्योक नवरदेव होऊन हिच्यात बसणार. अपशकुन कशाला करताय?”

“बसणार म्हणूनच मारतेय. उद्या तुमच्या वऱ्हाडानं मासे खायचे, का माशांनी वऱ्हाड?”

त्याने मला हिसकावले आणि चवताळून आधाराच्या खांबावर आपटले. दांडा मोडला. माझे चिरलेले डोके उडून दाएंगांच्या कपाळावर बसले, आणि कोंबड्याच्या रक्तावर माणसाचे रक्त ठिबकले. दाएंगांनी कोयता उपसला. अंबो तुवोने पहार उचलली. बेस्से दोघांच्या मधे घुसली.

“मारा! खुशाल मारा एकमेकांना! पण आधी कान उघडा.”

रक्ताने निसरडे झालेले माझे डोके तिने मुठीत धरले आणि तळावर हाणले. टण्. टण्. नाभीपाशी बद्द. दाएंगांनी डोळे मिटून ऐकले. मग कोयता फिरवला तो नावेवरच. पोटच्या पोरावर वार व्हावा तसा अंबो तुवो किंचाळला. पाते नाभीशेजारी रुतले, त्यांनी ते पिळले, आणि कातडे सोलावे तसा थर फाटत आला. छिद्र पाडण्याच्या जोराने तो उचलला गेला होता. खुंटीने आणखी फाकवला होता.

अंबो तुवोने त्या फटीत हात घातला. मनगटापर्यंत गेला.

“हिच्याच वर पोराची बैठक मांडणार होतो मी.”

“माझ्याच हातानं झालं हे,” दाएंग म्हणाले. “काचेला लाकूड समजून बसलो.”

अंबो तुवोने डोईचे फडके सोडून त्यांच्या कपाळाला बांधले. “मेव्हण्याची जुनी लाकडी होडी आहे. तिच्यातनं नेतो वऱ्हाड.”

“त्या खटाऱ्यातनं? लोकं हसतील रे.”

“हसू देत. हसायला जिवंत तर राहतील!”

तेव्हापासून नाभी पाडतात ती कण्याच्या आत चिकटवलेल्या लाकडी ठोकळ्यात. काचेला टोक लागू देत नाहीत. विधी सारा तोच. आता पोकळी शोधणारे एक यंत्रही आले आहे, त्याला सारे नावाजतात. चिरलेल्या डोक्याला नवा दांडा लावून मी खिळ्याला टांगलेली असते. मित्रांनो, माझी एवढीच विनवणी: तुमच्या आवडत्या वस्तूत कोणी दोष दाखवला, तर दाखवणाऱ्याला मोडू नका.

अंबो तुवोच्या सुनेच्या मांडीवर आज मूल खेळते. त्या मुलाला, कपाळावर व्रण वागवणाऱ्या दाएंगांना आणि बेस्सेच्या थकत चाललेल्या कानांना खाडीचे पाणी सदैव सौम्य राहो.