दोराची आठवी जागा

भारताच्या रस्सीखेच संघात निवड झाल्याचा फोन आला तेव्हा म्हाळसा कोकरे कळंबच्या आपल्या डाळिंबाच्या बागेत फवारणी करत होती. वय चौतीस, नऊ वर्षांची एक मुलगी, छकुली. तीन वर्षांपूर्वी बारामतीच्या एका महिला मेळाव्यात तिनं गंमत म्हणून दोर हातात घेतला होता. तिथं मुलींना रस्सीखेच शिकवणाऱ्या सोनल मॅडमनी तिला त्याच दिवशी हेरलं. तेव्हापासून आठवड्यातून तीनदा एसटीनं बारामती, दोन तास सराव आणि परत बाग. यंदा सोनल मॅडमच भारताच्या प्रशिक्षक झाल्या होत्या.

स्पर्धा मंगोलियात होती. आशियातल्या देशांच्या पारंपरिक खेळांची ही स्पर्धा भरायचं अजून दुसरंच वर्ष. कुस्ती, घोड्यावरची तिरंदाजी, रस्सीखेच असे अकरा खेळ. पहिल्या वर्षी भारतानं बायकांचा रस्सीखेच संघ पाठवलाच नव्हता.

तिच्या सासऱ्यांना, आप्पांना, हे काही पटेना.

"दोर वढाया परदेशात जायाचं? हितं काय दोर न्हाईत व्हय?"

"हितं वढला तर तुमी तरी बघाया जाता का?" नवरा शंभूराज म्हणाला. "जाऊ द्या की तिला. बाग मी बघतो, छकुलीची शाळा बी बघतो."

निघायच्या दिवशी मात्र आप्पाच फाट्यापर्यंत तिची बॅग घेऊन चालत आले.

संघात आठ जणी. पाच हरियाणाच्या, दोघी केरळच्या आणि म्हाळसा. तिचं हिंदी बारामतीच्या बाजारापुरतं. केरळच्या मुलींचं त्याहून कमी. म्हाळसाची जागा आठवी, म्हणजे सगळ्यांच्या मागं. तिथं दोर काखेतून पाठीवर घ्यायचा, दुसऱ्या खांद्यावरून पुढं सोडायचा आणि सगळ्या संघाचा भार अंगावर घेऊन मागं रेलायचं. दोराच्या मधल्या खुणेला जो संघ चार मीटर आपल्याकडं नेईल त्यानं ती खेच जिंकली. तीनांतल्या दोन जिंकल्या की सामना.

पहिल्या दिवशी मंगोलियानं त्यांना सरळ ओढत नेलं. दोन्ही खेची मिळून मिनिटभरसुद्धा टिकल्या नाहीत. दुपारी कझाकस्तानपुढं तेच झालं. मैदानाभोवतीची माणसं टाळ्या वाजवत होती आणि हरियाणाची बिमला, संघाची कॅप्टन, गवतावर बसून बुटांची नाडी सोडायची सोडून नुसती त्या नाडीकडं बघत होती.

तंबूत परतल्यावर म्हाळसानंच तोंड उघडलं.

"म्याडम, एक बोलू का?"

"बोल की."

"आपुन लई वढतोय."

सोनल मॅडमनी ते हिंदीत सांगितलं तशी बिमला हसली. रस्सीखेचेत ओढायचं नाही तर काय करायचं?

"मी समद्यांच्या मागं असती," म्हाळसा म्हणाली. "मला सात पाठी दिसत्यात. एक आधी रेलती, एक मागनं रेलती. म्याडम वढा म्हून हात करत्यात, पर परत्येकीला त्यो येगयेगळ्या टायमाला दिसतो. माज्या म्हायारी मेंढरं हुती. लोकर कातराया एडका धरायचं काम माज्याकडं. त्याला वढाया गेलं की त्यो आपल्यालाच घिऊन पळतो. म्हून मी पाय रवायची आन् नुस्तं धरायची. त्यो झटतो, दमतो. जरा सैल पडला की मग एकच हिसका."

"धरून ठेवायचं मी तुम्हाला पहिल्या दिवसापासून सांगतेय," सोनल मॅडम म्हणाल्या. "पण समोरचे ओढायला लागले की तुम्ही घाबरता आणि ते विसरता. म्हाळसा, दोर सैल पडलेला तुला कळेल?"

"पाठीला कळतं की."

"मग उद्या मी हात करणार नाही. हाक तू द्यायची."

हाक कोणत्या भाषेत द्यायची यावर थोडी चर्चा झाली. शेवटी नुसतं "हां!" ठरलं. ते सगळ्यांनाच कळत होतं. उन्हं होती तोवर त्यांनी एका उभ्या ट्रकला दोर बांधून सराव केला. कुणी ओढलं नाही. आठही जणी नुसत्या रेलून उभ्या राहिल्या, पाय थरथरेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी समोर उझबेकिस्तान. पंचांनी खूण करताच त्यांनी जोर लावला. दोर हातभर तिकडं गेला आणि थांबला. एक मिनिट गेलं, दोन गेली. टाचा मातीत रुतल्या होत्या, म्हाळसाच्या खांद्याची सालटी निघत होती. ओढून मोकळं व्हावं असं तिला फार वाटलं, पण ती थांबली. तेवढ्यात समोरच्या कुणीतरी पकड बदलली. पाठीवरचा दोर जरासा हलका झाला.

"हां!"

सात पाठी एकदम मागं आल्या. एक पाऊल. पुन्हा "हां!" आणखी एक. खूण चार मीटर कधी आली ते त्यांना कळलंच नाही. शिट्टी वाजल्यावरही केरळच्या दोघी ओढतच होत्या. दुसरी खेचही त्यांनी तशीच घेतली.

थायलंडशी शेवटचा सामना अवघड गेला. पहिली खेच हरली, दुसरी जिंकली. तिसरी पाच मिनिटं चालली. तीही जिंकली तेव्हा बिमला धावत मागं आली आणि दोरात अडकलेल्या म्हाळसाला तिनं तशीच उचलली.

पाच संघांत भारत तिसरा आला. पदक घ्यायला जाताना म्हाळसाची बोटं मिटत नव्हती. बिमलानं तिच्या जॅकेटची चेन लावून दिली आणि दोघी पायऱ्या चढल्या. खाली सोनल मॅडम एकाच वेळी रडत होत्या आणि फोटो काढत होत्या.

संध्याकाळी तिनं घरी व्हिडिओ कॉल लावला. छकुलीनं पदक उलटसुलट करून दाखवायला लावलं. मग फोन आप्पांकडं गेला.

"तिसरी म्हंजी कितीत?"

"पाचात, आप्पा. पयल्या दिशी दोनी सामनं हारलो."

"मग पयल्या दिशी काय झोपला हुता व्हय?"

म्हाळसा खो खो हसत सुटली. आप्पाही हसले. मग म्हणाले, "खांद्याला तेल लाव. आन् नीट जेव, वाळलीयास."

ती परत आली तेव्हा डाळिंबाची तोडणी तोंडावर होती. पेपरात चार ओळी आल्या होत्या, त्यात तिचं आडनाव कोकाटे छापलं होतं. शंभूराजला राग आला, तिला नाही आला. खेळणारी कोण ते खेळणाऱ्यांना ठाऊक होतं.

तोडणी संपल्यावर एका सकाळी अंगणात सहा बायका येऊन उभ्या राहिल्या. सगळ्यांत पुढं शेजारच्या प्रयागबाई, पन्नाशी ओलांडलेल्या, कासोटा घट्ट मारलेल्या.

"आमाला बी शिकीव."

"काकू, तुमी?"

"माजं वय इचारू नगंस. वजन इचार."

म्हाळसानं त्यांना नीट वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि घरातून जाड दोर आणायला छकुलीला हाक मारली.