टिपका थांबला तेव्हा

मी एक जुना मोबाईल आहे, मित्रांनो, आणि स्वभावाने जरा घाबरट आहे. काचेला तडा गेलेला, मागचं झाकण रबराने आवळलेलं. बॅटरी पन्नासच्या खाली आली की माझा जीव खालीवर होऊ लागतो. वारंगा फाट्यावर वैजनाथरावांचं टायर-पंक्चरचं दुकान आहे, तिथे मी आलो तेव्हा कोरा करकरीत होतो. येणारा प्रत्येक ड्रायव्हर मला हातात घेऊन बघायचा. मग त्यांनी नवा मोबाईल घेतला आणि मी त्यांच्या लेकीकडे, प्रतिक्षाकडे गेलो. कधी कधी मला चहाच्या कपावर झाकण म्हणूनही ठेवलं जायचं. चालायचंच.

प्रतिक्षा पोहायला शिकली ती शेतातल्या विहिरीत, पाठीला डबा बांधून. बापाने शिकवलं, आईला न सांगता. कारण तिची आई, सुमनबाई, लहान असताना त्यांचा धाकटा भाऊ विहिरीत बुडाला होता. तेव्हापासून त्या घरात पाण्याचं नाव काढू देत नसत. आणि या पोरीने नाव दिलं ते ट्रायथलॉनमध्ये. आधी धरणाच्या तलावात दीड किलोमीटर पोहायचं, मग चाळीस किलोमीटर सायकल मारायची, मग कालव्याच्या रस्त्याने दहा किलोमीटर पळायचं. घरात तीन दिवस अबोला होता. शेवटी सुमनबाईंनी अट घातली.

"मोबाईल आंगावर ठिवायचा. तू कुठं हायस ते मला हितं घरी दिसलं पाहिजे. नकाशावरचा तुझा टिपका थांबला की तुझ्या बापाला गाडी काढायला लावते अन् तुला घरी आणते. मंग परत पाण्यात पाय घालायचा न्हाई. मंजूर?"

"मंजूर," प्रतिक्षा म्हणाली.

आता तुम्हीच सांगा, एवढी जोखीम टाकली कोणावर, तर माझ्यासारख्या खिळखिळ्यावर.

आदल्या संध्याकाळी सुमनबाईंनी लेकीला ओवाळलं. मग मलाही पाटावर ठेवलं. "माझं लेकरू याच्या भरवशावर सोडून राहिले," असं म्हणत त्यांनी मला हळद-कुंकू लावलं, चांगलं चिमूटभर, वर अक्षता. मान कोणाला नको असतो? मीही फुगलो. पण ते कुंकू घरंगळत थेट माझ्या चार्जिंगच्या भोकात गेलं. प्रतिक्षाने वायर खोचली आणि ती झोपी गेली. वायर लागलेली दिसत होती, पण वीज काही आत येईना. मला सांगता थोडंच येतं? पहाटे तिने पाहिलं तर एकतीस टक्के. तिचा चेहरा उतरला, पण थांबायला वेळ नव्हता.

तलावावर स्पर्धेच्या माणसांनी नियम सांगितले. मोबाईल फक्त ठिकाण दिसण्यापुरता जवळ ठेवायचा. त्यावर बोललात, किंवा कोणाची मदत घेतलीत, की स्पर्धेतून बाद. प्रतिक्षाने मला पाणी न शिरणाऱ्या पिशवीत घातलं आणि कमरेला दोरीने बांधलेल्या, पाण्यावर तरंगणाऱ्या नारिंगी फुग्याच्या कप्प्यात कोंबलं. ती पोहत होती आणि मी मागे हेलकावे खात होतो. मधोमध गेलो आणि नेटवर्कच गेलं. तिकडे घरी, हे मला मागाहून कळलं, टिपका निळ्या पाण्यात खिळून बसला. सुमनबाई नवऱ्याच्या मोबाईलवरून फोनवर फोन लावत होत्या, आणि पलीकडची बाई म्हणत होती, संपर्क क्षेत्राबाहेर आहे.

"आगं, नेटवर्क नसंल तिथं. जरा दम धर," वैजनाथराव म्हणाले.

"माझा दम पाण्यात हाय."

काठाजवळ नेटवर्क आलं, टिपका टुणकन पुढे सरकला. "आता थांबला तर मी तुमचं ऐकणार न्हाई," सुमनबाई म्हणाल्या.

पाण्यातून निघताच प्रतिक्षाने मला कमरेच्या पट्ट्यात खोचलं. सायकल संपली तेव्हा माझ्यात नऊ टक्के उरले होते. पळताना प्रतिक्षाच्या पिंढरीत गोळा आला. ती लंगडत होती आणि मी टक्के मोजत होतो. पाच. तीन. तिला ओरडून सांगावंसं वाटत होतं की बाई, मी चाललो. सातव्या किलोमीटरला, एका बाभळीपाशी, माझ्या डोळ्यांपुढे अंधार आला.

जाग आली तेव्हा संध्याकाळ होती. वैजनाथरावांनी टाचणीने माझं भोक कोरून वायर लावली होती आणि शेजारी लाल पूड पडली होती. "देवाला लावतेस तितकं यालाबी लावलंस व्हय?" ते म्हणाले. सुमनबाईंनी पदर तोंडाला लावला. पुढे काय झालं या काळजीने मी कासावीस झालो होतो. प्रतिक्षाने माझ्यावरूनच मैत्रिणीला, ऐश्वर्याला, फोन लावला, तेव्हा कुठे मला सगळं कळलं.

टिपका थांबताच नवरा-बायको दोघं मोटारसायकलवर निघाली. वीस मिनिटांत कालव्याच्या रस्त्याला लागली. प्रतिक्षाचा शेवटचा एक किलोमीटर उरला होता. गाडी पाहून प्रतिक्षाला रडूच फुटलं. "मी बसणार न्हाई गाडीवर. मोबाईल बंद पडला, मी न्हाई," असं म्हणत ती लंगडत पुढेच निघाली. सुमनबाई धावत तिच्यापाशी गेल्या. लेकीच्या पाठीवर ठेवायला त्यांनी हात उचलला, तेवढ्यात स्पर्धेचा माणूस म्हणाला, "ताई, हात लावू नका, ती बाद होईल."

त्यांनी हात तसाच मागे घेतला. लेकीकडे नीट पाहिलं. घामाने निथळलेली, पाय ओढत चाललेली, पण न थांबलेली.

"सकाळपून टिपकाच पाहून राहिले व्हते मी," त्या म्हणाल्या. "पोरगी आत्ता दिसली. पळ."

आणि पदर खोचून त्या शर्यतीच्या शेवटच्या रेषेपर्यंत रस्त्याच्या कडेने तिच्या मागे चालत गेल्या. त्या वेळी मी तिच्या कमरेला थंड पडून होतो आणि कोणालाच माझी आठवण नव्हती. हे ऐकून आधी मला वाईट वाटलं, मग बरंच वाटलं.

मित्रांनो, आम्हाला पुसत जा, वेळेवर चार्ज करत जा, आमच्या भोकात काही जाऊ देऊ नका. आणि एवढं करूनही आम्ही बंद पडलो, तर शिव्या देत बसू नका. चपला घाला आणि निघा.