मला निवडू नका, विजयकुमार

मित्रांनो, मी एक रायफल आहे आणि आता फार जुनी झाले आहे. हे सांगतानाही मला संकोच वाटतो. झाडाची, पुस्तकाची, छत्रीची गोष्ट तुम्ही आवडीने ऐकता. बंदुकीची गोष्ट कोणाला ऐकावीशी वाटेल? शिवाय ती मला नीट सांगता येईल याची खात्री नाही. पण माझ्यावाचून ती कोणी सांगणार नाही. ज्यांना ती सांगता आली असती ते गृहस्थ फार कमी बोलतात.

सध्या मी पोलिसांच्या एका कोठारात पडून आहे. माझ्या दस्त्याला क्रमांकाची चिठ्ठी बांधली आहे. थोड्या दिवसांत करवतीने माझे तुकडे होणार, असे इथला शिपाई दुसऱ्याला सांगत होता. त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्याआधी एवढे बोलून टाकायचे आहे.

एका थंड देशातल्या कारखान्यात माझा जन्म झाला. दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा, नळी निळसर पोलादाची. मी लहान बोराची, म्हणजे नळीचे भोक बारीक. माझ्या जातीला ‘पॉइंट टू-टू’ म्हणतात. माझी गोळी वाटाण्याएवढी असते. दुकानातल्या मोठ्या बंदुकांशेजारी मी खेळण्यासारखी दिसत असे.

मला विकत घेतले ते धैदच्या रस्त्याला शेत असलेल्या एका वयस्क अमिराती गृहस्थांनी. शेतातली माणसे त्यांना अरबाब, म्हणजे मालक, म्हणत. संध्याकाळी ते भिंतीवर रिकामे डबे मांडत आणि वाळूच्या ढिगाऱ्याकडे तोंड करून मला चालवत. डबा पडला की लहान मुलासारखे हसत आणि माझी नळी थोपटत. ते माझे सुखाचे दिवस होते.

पुढे त्यांची बोटे संधिवाताने आखडली. चाप दाबवेना. तेव्हा त्यांनी एका कारागिराकडून माझा चाप हलका करून घेतला. त्या माणसाने घाईत आतला एक दात जरा जास्त घासला. त्या दिवसापासून माझी सेफ्टी धरेनाशी झाली. सेफ्टी म्हणजे चाप अडवून धरणारी कळ. बाहेरून ती लावलेली दिसते, पण धक्का बसला की आतून सुटते.

अरबाबांना हे कळले होते. त्यांनी माझ्या बोल्टला हिरवा दोरा बांधला. दोरा सोडल्याशिवाय काडतूस आत सरकवता येत नसे, आणि जमिनीवर पालथे पडून नेम धरेपर्यंत ते दोरा सोडत नसत. मला दुरुस्तीला पाठवायचे त्यांच्या मनात होते. मग ते वारले. मी पोलादी कपाटात गेले आणि बारा वर्षे तिथेच राहिले. दोऱ्याचा अर्थ जगात आता फक्त मला ठाऊक होता. आणि मला बोलता येत नाही.

कपाट उघडले ते सशांमुळे. शेतावर सुट्टीला येणाऱ्या पाहुण्यांच्या मुलांनी बाजारातून आणलेले पाळीव ससे तिथेच सोडून दिले होते. चार वर्षांत त्यांचे काय झाले असेल ते तुम्ही ओळखालच. लसूणघासाच्या वाफ्यांना जागोजागी टक्कल पडले होते. खजुराच्या कोवळ्या रोपांची साल बुडाशी गोल कुरतडलेली होती. ठिबकच्या नळ्यांना दातांची भोके. बांधापलीकडच्या वाळूत खरा रानससाही राहत होता, लांब कानांचा, एकटा. त्याला कोणी हात लावायचा नव्हता. सरकारी परवानगी फक्त सुटलेल्या पाळीव सशांची होती, आणि बंदुकीचा परवाना अरबाबांच्या मुलाचा, फैजसाहेबांचा.

कोणती बंदूक वापरावी हे ठरवायचे काम मात्र आले विजयकुमारांकडे. ते शेताच्या ऑफिसचे मॅनेजर. मूळचे पुण्याचे, एकोणसाठ वर्षांचे, उंच, किंचित वाकलेले. बायको प्रमिला यांच्यासोबत शहरात अल मनखूलला राहत आणि रोजच्या शंभर मैलांच्या जाण्यायेण्यात गाडीत वाचता आले असते तर बरे झाले असते असे म्हणत. त्यांनी जन्मात बंदूक हातात धरली नव्हती. पण पंप घ्यायचा असो की प्रिंटर, तीन-चार पर्याय शेजारी मांडून तक्ता केल्याशिवाय त्यांचा जीव स्वस्थ होत नसे.

अकरा दिवस ते वाचत होते. फैजसाहेबांनी कपाटातल्या आम्हा चार बंदुकींना टेबलावर मांडले आणि ते समोर बसून टिपणे काढू लागले.

“साहेब, सशांवर पीएच.डी. करताय काय?” मोहिद्दीनने चहा ठेवत विचारले. तो श्रीवर्धनचा. खजुराची सगळी झाडे त्याच्या देखरेखीखाली होती.

“अरे, गोळी काय, कुठेही जाते. चुकून कोणाला लागली तर?”

“मला नको म्हणजे झालं. बाकी ऑफिसमधल्या कोणालाही लागू दे.”

“आपलं ऑफिस म्हणजे मी एकटाच आहे, मोहिद्दीन.”

“म्हणून तर म्हटलं,” असे म्हणून तो हसत निघून गेला.

विजयकुमारांनी काम फार मनापासून केले. हवेच्या दाबावरची बंदूक अगदी शांत, पण तीस पावलांच्या आत जावे लागते आणि हे ससे तेवढे जवळ येऊ देत नव्हते. पॉइंट वन-सेव्हन बोराची माझी नवी बहीण लांबवर सरळ मारते, पण तिची हलकी गोळी वाऱ्याने ढळते आणि आवाज असा की बाकीचे ससे दिवसभर बाहेर येणार नाहीत. तिसरी मॅग्नम, जास्त दारूच्या काडतुसाची. तिची गोळी चुकली तर बांध ओलांडून उंटांच्या वाटेपर्यंत जाईल. त्यांनी स्वतः उन्हात चालत जाऊन त्या वाटेचे अंतर मोजले होते.

राहिले मी. संथ काडतूस घातले तर आवाज कमी. पन्नास पावलांवर ससा एका गोळीत, तडफड न होता मरतो. फक्त माझी गोळी दगडावरून उसळते, म्हणून उंचावरून खाली, मऊ मातीकडेच मारावी. हेही त्यांनी लिहिले. एकेक अक्षर बरोबर होते. बोराची निवड याहून चांगली कोणी केली नसती.

पण मित्रांनो, बोर निवडणे वेगळे आणि समोरची बंदूक निवडणे वेगळे.

त्यांची पेन्सिल माझ्या नावाशी थांबली तेव्हा माझ्या नळीत हवा कोंडल्यासारखे झाले. वर्षानुवर्षे मी वाट पाहिली होती की कोणीतरी मला पुन्हा हातात घ्यावे. आता मी मनातल्या मनात ओरडत होते. मला निवडू नका, विजयकुमार. मी मोडकी आहे. हवेची बंदूक घ्या, जाळी लावा, काहीही करा.

त्यांनी माझ्या नावाखाली दोन रेघा मारल्या.

आणि तरीही ते सत्याच्या किती जवळ आले होते! अहवालाच्या शेवटी त्यांनी एक वाक्य टाइप केले: ‘ही रायफल बारा वर्षे बंद आहे. वापरापूर्वी जाणकाराकडून तपासून घ्यावी.’ मी ते पडद्यावर वाचले आणि सुटले असे मला वाटले. मग ते वाक्याकडे बघत बसले. चष्मा पुसला. “वडिलांच्या बंदुकीवर संशय घेतला असं वाटेल त्यांना,” ते स्वतःशीच पुटपुटले. “आणि मला तरी त्यातलं काय कळतं?” एकेक अक्षर मागून खोडले गेले. शेवटी पूर्णविरामही उरला नाही.

मग अहवालासाठी फोटो काढायचा होता. बोल्टवर मळका दोरा दिसला. त्यांना अव्यवस्थितपणा सहन होत नसे. खणातली कात्री काढून त्यांनी तो कापला, केराच्या टोपलीत टाकला आणि माझी नळी रुमालाने हळुवार पुसली. इतक्या प्रेमाने मला अरबाबांनंतर कोणी हात लावला नव्हता.

इतक्यात त्यांच्या मुलीचा, ईशानीचा फोन आला.

“अगं, बंदुका बघतोय. शेतावरच्या.”

“पप्पा, व्हॉट? प्लीज डोन्ट टच दॅट थिंग.”

“नाही गं, मी फक्त निवडतोय.”

फैजसाहेबांनी अहवालाचे शेवटचे पान तेवढे वाचले. “पापा की गन? बहुत अच्छा, विजय भाई. मुझे भी यही चाहिए था.”

“सर, पहले जाली लगा देते तो... जमीन के अंदर एक फुट तक...”

“जाली भी लगाएँगे, इन्शाल्ला. गुरुवार को गेस्ट आ रहे हैं. कल सुबह चलते हैं, खलास.”

ती रात्र मी कपाटात कशी काढली ते सांगत नाही.

सकाळी सहाला उजाडत होते. लसूणघासावर पाणी फिरून गेले होते. वाफ्यांच्या कडेला करडे-पांढरे ठिपके हलत होते. गाडीजवळच फैजसाहेबांनी माझ्यात काडतूस भरले, बोल्ट पुढे सारला आणि सेफ्टी लावली. सेफ्टीचा टक्‌ असा आवाज आला. ऐकणाऱ्याला वाटले, झाले, आता भीती नाही.

बांध अरुंद होता. पुढे मोहिद्दीन, कारण बिळे त्याला माहीत. त्याच्यामागे मला हातात आडवी धरून फैजसाहेब. सर्वांत मागे विजयकुमार. फैजसाहेब चालता चालता सशांकडे बघत होते आणि माझे तोंड हळूहळू सरळ होत गेले. ते मोहिद्दीनच्या पाठीवर आले आणि तिथेच राहिले.

मित्रांनो, माझ्या आत काय चालले होते ते कसे सांगू? प्रत्येक पावलागणिक तो घासलेला दात केसभर सरकत होता. मला डोळे मिटता येत नाहीत, मान वळवता येत नाही. मोहिद्दीनच्या शर्टावर पाठीच्या मधोमध घामाचा एक डाग होता आणि मी सारखी त्याच डागाकडे बघत होते.

विजयकुमारांनीही ते पाहिले. मला त्यांचा श्वास अडकलेला ऐकू आला. बंदुकीचे तोंड माणसाकडे करू नये हा नियम त्यांच्याच अहवालात होता, चौथ्या पानावर. पण ते लिहिणे वेगळे आणि मालकाला पाठीमागून हटकणे वेगळे.

“सर...” ते म्हणाले. इतके हळू की बहुधा मीच ऐकले.

बोला, विजयकुमार. मोठ्याने बोला.

त्यांनी घसा खाकरला. दहा पावले गेली. “सर, वो जरा...” पुन्हा शब्द विरले. मोहिद्दीन पुढे गुणगुणत होता. दात आणखी सरकला. आता फार थोडे उरले होते. मी लाकूड आणि लोखंड आहे, मला प्रार्थना येत नाही. पण त्या दहा पावलांत मी जे केले त्याला दुसरे काय म्हणावे?

“सर!” विजयकुमार ओरडले. आयुष्यात ते कधी इतके मोठ्याने बोलले नसतील. “सर, नली नीचे! मोहिद्दीन की तरफ है!”

फैजसाहेब दचकले. कोणी मागून जोरात हाक मारली तर माणूस काय करतो? वळतो. तेही वळले, आणि त्यांच्या हातात मी होते. माझे तोंड मोहिद्दीनच्या पाठीवरून निघाले, खजुरांवरून, पाण्याच्या टाकीवरून फिरत आले, आणि त्या धक्क्याने दात सुटला. चापाला कोणाचेही बोट लागलेले नव्हते.

मी संथ काडतूस चालवत होते. आवाज खरोखरच कमी झाला. अहवालात लिहिले होते तसाच.

विजयकुमार खाली बसले. उजव्या खांद्याजवळ त्यांचा पांढरा शर्ट लाल होऊ लागला. त्यांनी आधी पुढे पाहिले. “मोहिद्दीनला लागलं नाही ना?” त्यांनी विचारले.

“मला काय झालंय, साहेब! तुम्ही बोलू नका. अहो, बोलू नका ना,” मोहिद्दीन डोक्याचा रुमाल जखमेवर दाबत रडत होता. फैजसाहेबांनी मला वाळूत टाकले आणि विजयकुमारांना दोन्ही हातांनी उचलून ते गाडीकडे धावले. मी तिथेच पडून होते. थोड्या वेळाने ससे पुन्हा बाहेर आले आणि घास खाऊ लागले.

पुढचे मला तुकड्यातुकड्याने कळले. गोळी निघाली, जीव वाचला. मात्र उजव्या हाताचा एक मज्जातंतू दुखावला आहे; बोटे पुन्हा मिटतील की नाही ते सांगता येत नाही. इथल्या अधिकाऱ्याने माझ्यासमोर जबाब वाचून दाखवले. फैजसाहेबांनी सांगितले होते, ‘काडतूस मी भरले, चूक माझी.’ विजयकुमारांनी डाव्या हाताने लिहून दिले, ‘रायफल मी निवडली. तपासून घ्या असे लिहिले होते, ते मीच खोडले.’ कोणी विचारले नसताना लिहिले. मला तो कागद फाडून टाकावासा वाटला. दात घासणारा कारागीर, दुरुस्ती लांबवणारे अरबाब आणि बारा वर्षे गप्प पडलेली मी, आम्हा कोणाचाच त्यात उल्लेख नव्हता.

म्हणून तुम्हाला सांगते. घरात, शेतात, शाळेत एखादी जुनी वस्तू पुन्हा वापरायला काढाल तेव्हा तिची माहिती वाचून थांबू नका. ती उघडून बघा. जाणत्याला दाखवा. तिच्यावर कोणी दोरा बांधला असेल तर कापण्याआधी विचारा. आणि मनात शंका आली की ती खोडू नका. मोठ्या माणसासमोर ती मूर्खपणाची वाटली तरी पहिल्या पावलालाच बोला. दहा पावले थांबू नका.

आणखी एक काम आहे. मला इथे कोणी काही सांगत नाही. तुमच्यापैकी काही जण अल मनखूलला राहत असतील. तिथे संध्याकाळी एक उंच, वाकलेले गृहस्थ डाव्या हातात भाजीची पिशवी घेऊन जाताना दिसतील. त्यांच्याशी बोला. ते आधी नजर चुकवतील, पण थोडे थांबा, त्यांना वेळ लागतो. आणि बोलता बोलता त्यांचा उजवा हात बघा. बोटे मिटतात का, एवढेच बघा.