ब्रेक गेलेल्या खुर्चीचं अंतराळ

मित्रांनो, तुम्ही मला खापरच्या बाजारात पाहिलं असेल आणि ओळखलंही नसेल. सलीमभाईंच्या केस कापायच्या दुकानात शिरलात की तुमचं लक्ष आधी आरशाकडे जातं, मग स्वतःकडे, आणि मग पुन्हा स्वतःकडेच. ज्या खुर्चीवर बसता तिच्याकडे कोण बघतो? ती लाल रेक्झिनची, गरगर फिरणारी जुनी खुर्ची म्हणजे मी. माझ्यावर बसून आजवर कुणी अंतराळात गेलेलं नाही, हे कबूल. पण तिथे गेलेल्या माणसाची कशी फजिती होते, हे अक्कलकुव्याच्या विज्ञान प्रदर्शनात मीच दाखवलं. तेही भंगारात जाता जाता.

माझा जन्म सुरतेतल्या एका कारखान्यात झाला. ओतीव लोखंडाचा पाय, हातांवर पांढरा चिनी मातीसारखा मुलामा, आणि पोटात छऱ्यांचं बेअरिंग. कारागिराने मला पहिल्यांदा गिरकी दिली आणि तोंडातला मावा चघळायचा विसरून तो बघतच राहिला, कारण मी थांबेचना. मग त्याने माझ्या बैठकीखाली एक ब्रेक बसवला. त्याची दांडी दाबली की मी जागच्या जागी गच्च. मला तो तेव्हाच आवडला नव्हता, पण खुर्चीला विचारतं कोण.

ट्रकमधून सागबाऱ्याच्या रस्त्याने मी खापरला आले. सलीमभाई तेव्हा तरणेबांड होते आणि त्यांनी नुकतंच दुकान टाकलं होतं. त्यांनी मला आरशासमोर ठेवलं, अत्तराचा एक थेंब लावला आणि ब्रेक दाबून बघितला. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ते एक गोष्ट हमखास ऐकवत, "खुर्ची हालनी का कान गया." हे त्यांचं सगळं तत्त्वज्ञान. मी हलले नाही आणि कुणाचा कान गेला नाही, अशी आमची बरीच वर्षं सुखाने गेली. कामासाठी गुजरातेत जाणारे मजूर निघण्याआधी माझ्यावर बसून गेले, होळीच्या आधीच्या बाजारात तर रांग पार रस्त्यापर्यंत जाई. लोक म्हणत, खुर्ची म्हणजे निव्वळ लोणी. मला फार बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

मग जोसेफ सरांची मिशी आली.

जोसेफ सर म्हणजे आमच्या खापरच्या शाळेतले विज्ञानाचे शिक्षक. मूळचे नवापूरकडचे. लग्नाच्या आदल्या दिवशी ते दाढी करायला आले. मिशी अशी की तिला वेगळं तिकीट काढावं लागावं. सलीमभाई अगदी हळुवारपणे वस्तरा चालवत होते. बाहेर धडगावच्या जीपवाल्याने हॉर्न वाजवला, सरांनी मान वळवली, आणि त्याच क्षणी माझा झिजलेला ब्रेक सुटला. सर एकीकडे गेले, अर्धी मिशी वस्तऱ्यावर राहिली. सलीमभाईंनी आधी वस्तऱ्याकडे बघितलं, मग सरांकडे. शेवटी ते म्हणाले, "सर, माफी करा. दुसरी बाजू बी काढी देऊ का?"

लग्नाच्या फोटोत नवरी रिबेकाबाई जरा दचकलेल्या दिसतात, त्याचं कारण हे. त्यांनी होकार दिला होता तो मिशीवाल्या माणसाला. सर त्यानंतर घरीच दाढी करू लागले. मिशी पुन्हा आली, पण रस्त्यावरून जाताना मी दिसले की त्यांचा हात आपोआप ओठावर जाई.

माझं नशीब फिरलं ते तिथून. दुकानात पायाने वरखाली होणारी नवी काळी खुर्ची आली आणि मी ओट्यावर. सलीमभाईंची बायको चांदबी माझ्यावर मिरच्या वाळत घालू लागली. शेजारच्या कोंबडीने एकदा माझ्या बैठकीत अंडं घातलं आणि उतरताना मी फिरले म्हणून माझ्यावरच ओरडली. ब्रेक तर पार गेला होता. वारा आला तरी मी अर्धी गिरकी घ्यायची. एके दिवशी भंगारवाला दिवाल्या हातगाडी घेऊन आला. त्याने मला उचलून वजनाचा अंदाज घेतला. इतक्या वर्षांत लोकांनी माझ्यावर बसून स्वतःला जोखलं होतं, मला जोखणारा हा पहिलाच.

तेवढ्यात महजबीन शाळेतून आली. ही सलीमभाईंची मुलगी, नववीतली. तिला अंतराळवीरांचं वेड. मोबाइलवर तरंगणारी माणसं बघत ती भाकरी खाई आणि भाकरी संपल्याचं तिला कळत नसे. दिवाल्याने मला घेऊन जायच्या आत, शेवटचं म्हणून ती माझ्यावर बसली, पाय वर घेतले, आणि सहज हात लांबवून ओट्याच्या खांबाला दोन्ही हातांनी बाजूला ढकलू लागली. खांब कसला हलतो? मीच तिला घेऊन उलट्या दिशेला फिरले. तिने पुन्हा ढकललं. मी पुन्हा फिरले. ती हसायला लागली.

"अब्बा, हाई भंगार नही शे," ती म्हणाली. "हाई अंतराळ शे."

सलीमभाईंनी चांदबीकडे बघितलं, चांदबीने दिवाल्याकडे, आणि दिवाल्याने आपल्या हातगाडीकडे. महजबीनने तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनापर्यंत मुदत मागितली. तिथे नंबर आला तर मी घरी राहणार, नाही आला तर दिवाल्याकडे जाणार, असं ओट्यावरच ठरलं. "बरं, भाऊ," सलीमभाई दिवाल्याला म्हणाले, "आठ दिन थांब. मंग लई जाय."

दुसऱ्या दिवशी महजबीन जोसेफ सरांना घेऊन आली. सर माझ्यापासून चार हात लांब उभे राहिले, एक हात ओठावर. पण ती पाय वर घेऊन माझ्यावर बसली आणि समोरच्या लोखंडी स्टुलावर घट्ट बसवलेला नट पान्याने पिळू लागली, तेव्हा त्यांचा हात खाली आला. नट जागच्या जागी, आणि पोरगी उलट्या दिशेला. सरांमधला शिक्षक जागा झाला की त्यांना मिशीचंही भान राहत नाही.

"बघ महजबीन," ते म्हणाले, "आपण इथे पाना फिरवतो तेव्हा जमीन आपले पाय धरून ठेवते. म्हणून नट फिरतो. यानात अंतराळवीराचे पाय कुणी धरत नाही. यान आणि तो, दोघंही पृथ्वीभोवती सारखे एकत्र पडत असतात, म्हणून तो तरंगतो. त्याने पाना एकीकडे ढकलला की पाना त्याला तितक्याच जोराने दुसरीकडे ढकलतो."

"म्हणून ते पाय पट्ट्यात अडकवतात," महजबीन म्हणाली.

"बरोबर. आधी पाय अडकवायचे, मग काम."

सारखं पडत राहायचं आणि कधीच आपटायचं नाही, हे मला भारी वाटलं. मी तर ट्रकमधून उतरवताना एकदाच पडले होते, त्याचा पोचा अजून आहे.

मित्रांनो, आता मी तुम्हाला सलीमभाईंच्या चांगुलपणाबद्दल सांगते. वाईटपणातून माणूस सावरतो, चांगुलपणातून सावरणं अवघड. प्रदर्शनाच्या आदल्या दुपारी महजबीन शाळेत होती. सलीमभाईंच्या मनात आलं, पोरगी एवढ्या लोकांसमोर खुर्ची नेणार आणि खुर्ची अशी डुगडुगणारी. त्यांनी मला परवेज वेल्डरकडे नेलं. नवा ब्रेक बसवला, त्यात जाडजूड बोल्ट घातला आणि दोघांनी मिळून तो आवळला. रेक्झिन पुसलं, वर पावडर मारली.

"पोरले इचारं का?" चांदबीने विचारलं.

"तिले काय इचारानं? सायबस्ना मोरे खुर्ची डगमगाले नको."

हे फक्त केस कापणाऱ्या माणसाच्याच डोक्यात येऊ शकतं. त्यांच्या हिशेबी चांगली खुर्ची म्हणजे न हलणारी खुर्ची. मी ओरडून सांगितलं असतं, पण आमच्या जातीला तोंड दिलेलं नाही.

सकाळी टेम्पोतून आम्ही अक्कलकुव्याला गेलो. शाळेचा मोठा हॉल, खाली गुळगुळीत फरशी. एका बाजूला लिंबू-सोड्याचा ज्वालामुखी फसफसत होता, दुसऱ्या बाजूला पुठ्ठ्याचं धरण गळत होतं. महजबीनने पाटी लावली, 'अंतराळात नट कसा पिळावा?' माझ्यावर बसली, पाय वर घेतले आणि समोरच्या स्टुलावरच्या नटाला पाना लावून ढकलला. नट मुकाट्याने फिरला. मी ढिम्म.

तिने पुन्हा ढकललं. नट अगदी शहाण्या मुलासारखा आणखी फिरला. अंतराळात एवढं सोपं असतं तर त्यांनी आमच्या परवेजलाच पाठवला नसता का?

मागे सलीमभाई हाताची घडी घालून उभे होते, चेहऱ्यावर समाधान मावत नव्हतं. "पाह्य," ते म्हणाले, "आते हालाव नही."

महजबीन खाली उतरली. तिने माझ्या बैठकीखाली वाकून बघितलं. "अब्बा, काय करं तुम्ही?" तिने ब्रेकवर बोट ठेवलं. "तिले हालानंच व्हतं."

सलीमभाईंचा चेहरा उतरला. मला त्यांचा राग आला होता, तो तिथेच गेला. परीक्षक स्वप्नाली मॅडम ज्वालामुखीपर्यंत येऊन पोहोचल्या होत्या. त्यानंतर धरण, आणि मग आम्ही. मला दिवाल्याची हातगाडी दिसू लागली.

सलीमभाईंनी पाना उचलला आणि फरशीवर बैठक मारली. घाईत त्यांच्या कोपराचा धक्का लागून दुकानातून आणलेला पावडरचा डबा उलटा झाला आणि ती सगळी त्यांच्याखाली पसरली. त्यांनी बोल्टाला पाना लावला आणि जीव खाऊन डावीकडे ढकलला. बोल्ट आवळायला दोन माणसं लागली होती, तो कसला हलतोय. मी तर ओतीव लोखंडाची. सलीमभाईच पावडरवरून सर्रकन उजवीकडे घसरले. ते पुन्हा सरसावून बसले, पुन्हा ढकललं, पुन्हा घसरले. तिसऱ्यांदा ते घसरत गेले ते थेट एका चपलांच्या जोडापाशी थांबले. वर बघितलं तर मॅडम.

"हे काय चाललंय?" मॅडमनी विचारलं.

जोसेफ सरांनी डोळे मिटून घेतले. सलीमभाई उठायला गेले, पण महजबीनने त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना खाली बसवलं. मग ती शाळेतल्या मराठीत म्हणाली, "मॅडम, अंतराळवीर काम करतोय."

हॉलमध्ये हशा पिकला. ती थांबली नाही. "फरशी त्यांना धरत नाही, म्हणून त्यांचा जोर त्यांनाच मागे ढकलतो. बोल्ट फिरत नाही, माणूस सरकतो. यानातही असंच होतं. तिथे तर फरशीही नाही."

"मग तिथे दुरुस्ती करतात कशी?"

"आधी पाय अडकवतात." ती वळली. "सर, अब्बांचे पाय धरा."

सरांनी इस्त्रीच्या पँटकडे बघितलं, पावडरकडे बघितलं. मग स्टुलाच्या पायाला आपले पाय टेकवून ते पावडरमध्ये बसले आणि ज्या माणसाने त्यांची मिशी घेतली होती त्याचे पाय घट्ट धरले. सलीमभाईंनी पाना ढकलला. बोल्ट कण्हला आणि सुटला. ब्रेक त्यांच्या मांडीत पडला. मला राहवलं नाही, कुणी हात न लावता मी एवढीशी फिरले.

पुढच्या प्रयोगासाठी महजबीनला माझ्यावर बसवायला एक माणूस हवा होता. सगळ्यांनी सरांकडे बघितलं. सर कोपरापर्यंत पांढरे झालेले, एक हात ओठावर. ते बसले. तिने त्यांच्या दोन्ही हातांत पाण्याने भरलेल्या बाटल्या दिल्या, हात पसरायला लावले आणि मला हळूच गिरकी दिली.

"सर, आता हात छातीशी घ्या."

हात आत आले आणि सर भोवऱ्यासारखे फिरू लागले. वजन मध्याजवळ आलं की फिरणारा माणूस आपोआप वेगात फिरतो, हे महजबीन मॅडमना समजावत होती, आणि सरांना मिशी झाकायला हातच मोकळा नव्हता. मी मात्र मिशीला केसभरही धक्का लागू दिला नाही. थांबल्यावर सरांनी आधी ओठ चाचपला, मग हसले. इतक्या वर्षांनी ते माझ्यावर बसून हसले, याचा मला किती आनंद झाला ते मी तुम्हाला सांगू शकत नाही.

पहिला नंबर ज्वालामुखीचा आला. आमचा दुसरा.

ठरल्या दिवशी दिवाल्या हातगाडी घेऊन ओट्यापाशी आला. त्याने माझ्या हातावर हात ठेवला. सलीमभाई दुकानातून बाहेर आले, त्यांच्या हातात काहीतरी जड होतं.

"खुर्ची नही देवानी," ते म्हणाले. "हाऊ ब्रेक लई जाय."

दिवाल्याने नवाकोरा ब्रेक उलटापालटा करून बघितला. असं भंगार त्याला कुणी दिलं नव्हतं.

मित्रांनो, मी आता ओट्यावरच असते. शाळेची पोरं अंतराळ बघायला येतात, सर त्यांना घेऊन येतात, आणि आलेच आहेत म्हणून आत नव्या खुर्चीवर बसून मिशीची टोकं सारखी करून घेतात. तुमच्या घरातही माझ्यासारखं कुणी असेल. टाकून देण्याआधी त्याला एकदा हात लावून बघा. आणि नीट करायला घ्याल तर आधी विचारा, म्हणजे चांदबीने सुचवलं होतं तसं. दुपारी बाजार ओसरला की सलीमभाई बाहेर येतात, रस्त्यावर दोन्हीकडे बघतात, माझ्यावर बसतात आणि पाय वर घेतात. मग खांबाला हळूच ढकलतात. डोळे मिटलेले असतात त्यांचे. कृपा करून तेव्हा त्यांना हाक मारू नका.