तळघराची किल्ली

"तळघराची किल्ली द्या ना, मिस व्हर्लीन. तासाभरात आणून देते परत."

कॉलेजच्या मुली एकत्र राहतात त्या या घरातल्या भगिनीमंडळाची मार्गो ही यंदाची अध्यक्ष. तिच्यामागे पाच सीनियर मुली, हातात काळ्या पट्ट्या. बाहेर हिरवळीवर यंदाच्या नऊ नव्या पोरी भर दुपारी रांगेत उभ्या. एकोणीस वर्षं मी या घरात स्वयंपाक करते. त्या पट्ट्या कशाला, हे मला कुणी सांगायला नको. डोळे बांधायचे, खाली अंधारात उभं करायचं, कानात ओरडायचं. पोरी रडल्या की मिठ्या मारायच्या. झाल्या बहिणी!

"कॉलेजनं बंद केलंय ना हे?"

"हात नाही लावणार हो कुणाला! पण एकदा सगळ्या मिळून रडलं ना, की एकी होते. आमची तशीच झाली. नाहीतर या राहतील चार वर्षं भाडेकरूंसारख्या."

पोर वाईट नव्हती. गेल्या वर्षी दोघी घर सोडून गेल्या, तेव्हा हीच माझ्या ओट्यापाशी बसून हुंदके देत होती.

अकरा वर्षांपूर्वी असंच गोड बोलणाऱ्या एकीला मी किल्ली दिली होती. पाय ठणकत होते, वाद घालायचं त्राण नव्हतं. डार्सी नावाची नवी पोर डोळे बांधलेली जिन्यावरून पडली. खुबा मोडला. आईबाप येऊन तिचं सामान घेऊन गेले, आणि मी नोकरीच्या भीतीनं तोंड उघडलं नाही. लाज वाटते अजून.

आजही पाय ठणकतच होते.

"नाही देत," मी म्हटलं. "हे घर चालवणाऱ्या, मंडळाच्या जुन्या बायकांना सांगून मला काढायचं तर काढा. आणि मिळून रडायचंच असेल, तर उद्याच्या राजम्याच्या चिलीचे पोतंभर कांदे पडलेत. आणा सगळ्यांना आत. तुम्हीसुद्धा बसा."

मार्गो फणकारली, पण एक सीनियर फिस्सकन हसली आणि तिनं सुरी उचलली. मग काय, पंधराजणी टेबलाभोवती. पहिलं पाणी मार्गोच्याच डोळ्यांतून आलं.

"अगंबाई, अध्यक्षीणबाईच आधी!" इनेस नावाची नवी पोर बोलून गेली आणि घाबरून कांद्यावर वाकली. मार्गोनं तिच्याकडे पाहिलं, इनेसच्याच बाहीला नाक पुसलं आणि म्हणाली, "सरक जरा, बारीक चिर."

इथे प्रत्येकीच्या नावाचा कप खुंटीला असतो. शिक्षण संपलं की ती तो घेऊन जाते. इनेसनं पाणी प्यायला एक काढला.

"ही डार्सी कुठल्या वर्षाची?"

"तुझ्यासारखीच. नवी."

"मग कप नाही नेला?"

"नाही नेला."

मी तो तिच्या हातून घेतला, धुतला, पुसला, परत टांगला. माझे डोळे बघून तिला कांद्याचंच वाटलं असावं.

"तुम्ही बसा हो," ती म्हणाली. "उरलेले आम्ही चिरतो."

मी बसले.